फोन कॉलच्या नोंदींचं (सीडीआर) कायदेशीर संरक्षण : खान्देश

सीडीआर म्हणजे कोणत्या नंबरवरून कोणाला कधी फोन गेला, किती वेळ चालला, हँडसेट कुठला आणि टॉवर कुठला, याचा कंपनीकडचा तक्ता. बोलणं काय झालं ते त्यात नसतं. डिसेंबर 2021 पासून परवान्याच्या अटीप्रमाणे कंपन्यांना या नोंदी निदान 2 वर्षं ठेवाव्या लागतात, आधी 1 वर्ष होतं.

संरक्षणाची सुरुवात कुठून धरायची यावर मात्र एकमत नाही. बरेच जण पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल दाखवतात, पण तो फोन टॅपिंगचा होता, म्हणजे 1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम 5(2) खाली बोलणं ऐकण्याचा, त्यामुळे नोंदींपर्यंत तो ताणूनच न्यावा लागतो. दुसरे लोक थेट 2017 च्या पुट्टस्वामी निकालापासून मोजतात, ज्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तिसरं मत कमी ऐकू येतं पण जास्त पटतं, ते म्हणजे 2004 चा कॅनरा बँक निकाल. झालं असं की अमेरिकेत मिलर (1976) खटल्यात बँकेकडचे कागद आणि स्मिथ (1979) खटल्यात डायल केलेले नंबर, दोन्हीबाबत तिथलं कोर्ट म्हणालं की माणसाने स्वतःच दुसऱ्याच्या हाती दिलं मग खाजगी कसलं? आपल्या सुप्रीम कोर्टाने मिलरची ही वाट कॅनरामध्ये नाकारली, कागद बँकेत गेला म्हणून खाजगीपणा संपत नाही असं धरलं, आणि तोच तर्क फोन कंपनीला सरळ लागू होतो. (अमेरिकेने पुढे 2006 च्या कायद्याने खोटं सांगून फोन-नोंदी काढणं गुन्हा ठरवलं, पण तो फसवणुकीपुरता.)

पोलिसांना सीडीआर लागला तर 2013 च्या केंद्राच्या सूचनांनुसार मागणी एसपी किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून जावी लागते. खान्देशात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे हे एसपी ऑफिसमधूनच होतं, पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ओळखीवर मागवायचं काम नाही.

ओळखीवर किंवा पैसे देऊन काढणाऱ्यांची साखळी 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी पकडली होती, त्यात खाजगी गुप्तहेरही होते. आता कंपनीकडचा डेटा बेकायदा काढणाऱ्यासाठी 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 42 आहे, 26 जून 2024 पासून लागू, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात कॉलच्या नोंदींचा उल्लेख स्पष्ट आहे. नवरा-बायकोच्या केसमध्ये तिऱ्हाईत माणसाचे टॉवर डिटेल्स मागणं कर्नाटक हायकोर्टाने 2022 मध्ये खाजगीपणाचा भंग ठरवलं.

कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं का हा वाद फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवला, जाता येतं. तिन्ही जिल्ह्यांत आयोग आहेत, वकील लागतोच असं नाही. हायकोर्टात रिट (हक्क मोडल्याबद्दलचा अर्ज) असेल तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही, इलेक्ट्रॉनिक नोंदीचं सर्टिफिकेट लागतं (आधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63), सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या खोतकर निकालाने ते पक्कं केलं. सर्टिफिकेट असलं तरी टॉवर म्हणजे माणसाचा नेमका पत्ता नव्हे: अक्कलकुवा, धडगावकडे घरात बसलेल्या माणसाचा फोन गुजरात किंवा मध्य प्रदेशचा टॉवर पकडू शकतो, आणि मग तक्त्यात तो राज्याबाहेर दिसतो.