एनॉक्सापॅरीन

त्वचेखाली टोचायचे गुठळीरोधक औषध. विदर्भातल्या गावांत ‘पोटातली सुई’ म्हटले की बहुधा हेच. ‘रक्त पातळ करायचे इंजेक्शन’ हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. औषधाने रक्त पातळ होत नाही, गोठण्याची क्रिया मंदावते. झालेली गुठळीही ते विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, बाकीचे काम शरीर हळूहळू करते.

मूळ औषध हेपॅरिन. ते १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतावर काम करताना आढळले. एनॉक्सापॅरीनसाठी डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपॅरिनच्या लांब साखळ्या तोडतात; तुकड्यांचा सरासरी रेणुभार सुमारे ४,५०० डाल्टन असतो. हे तुकडे रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गोठणे रोखणाऱ्या प्रथिनाला चिकटून मुख्यतः दहावा गोठणघटक निकामी करतात. परिणामाचा अंदाज वजनावरून बांधता येत असल्याने हेपॅरिनसारखी वारंवार रक्ततपासणी लागत नाही. भामरागडसारख्या ठिकाणच्या रुग्णाला ही मोठीच सोय. माळकरी किंवा मुस्लीम रुग्णाला औषधाचा उगम आधीच सांगावा. फॉन्डापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय आहे, पण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर तो चालत नाही.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर असताना प्रतिबंधासाठी सहसा रोज ४० मिलिग्रॅम देतात. पायात वा फुफ्फुसात गुठळी झाली असेल तर दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम, १२ तासांनी. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली की हाच डोस २४ तासांतून एकदा. वजन काट्यावरच घ्यावे, अंदाजाने नको. ५० किलोच्या बाईला ६० मिलिग्रॅमची सिरिंज दिली असेल, तर सुईचे तोंड खाली धरून ०.१ मिलिलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम, आधी टाकून द्यावे लागते. औषध वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचत नाही म्हणून गरोदरपणात वॉरफॅरिन या गुठळीरोधक गोळीऐवजी हेच वापरतात. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने, आणि त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असल्याने, याचे महत्त्व अधिक.

टोचताना रुग्णाला आडवे करून बेंबीपासून किमान चार बोटे बाजूला, रोज डावी-उजवी बाजू बदलत, कातडीची घडी चिमटीत धरावी. सुई सरळ उभी, पूर्ण आत. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नये. पूर्ण डोस द्यायचा असेल तर सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये. तो काढायच्या नादात औषधाचे थेंबही जातात. नंतर चोळायचे तर अजिबात नाही. नातेवाईक मायेने चोळतात आणि दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा डाग दिसतो.

औषध २५ अंशांखाली ठेवायचे असते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखालची फळी कामाची नाही. बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. गोठलेले औषध फेकून द्यावे.

खरी गडबड बहुतेकदा दुसऱ्याच सुईने होते. गुडघे दुखतात म्हणून गावातल्या दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचून घेतले, तर स्नायूत रक्त साकळते, शिवाय पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. काळी शौच, लाल लघवी, अचानक तीव्र डोकेदुखी दिसली तर पुढची सुई थांबवून थेट रुग्णालय गाठावे. प्रोटामीन हा उतारा आहे, पण तो परिणाम अर्धवटच परतवतो. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट एकदम निम्म्यावर आल्या तर औषध बंद करावे लागते, कारण अशा वेळी उलट नव्या गुठळ्या होतात. सुई चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

पाठीत भूल द्यायची असेल तर प्रतिबंधाच्या डोसनंतर किमान १२ तास आणि उपचाराच्या डोसनंतर २४ तास जावे लागतात. त्यामुळे बाळंतपणासाठी नागपूर-वर्ध्याला पाठवताना शेवटची सुई किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता घेतली, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.