गोधडी शिवण्याचे शिक्षण

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने आरपार शिवले की गोधडी होते. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. ही विद्या घरातच मिळत आली. सुगी उरकली की उन्हाळ्यातल्या दुपारी ओसरीवर गोधडी पसरली जाई, आणि शिकाऊ मुलगी जाणत्या बाईच्या शेजारी सुई घेऊन बसे. अलीकडे शहरांत गोधडीचे वर्गही भरतात.

नवशिक्याला पहिल्यांदा बाळाची गोधडी शिवायला द्यावी. तीन-चार थर, लांबी-रुंदी मीटरभर. मोठी गोधडी हातात घेतलेले पुष्कळ जण ती अर्ध्यावर सोडतात. कापड नेसून-धुऊन मऊ झालेले असावे. लुगडे वरखाली, धोतर आत. नव्या कापडातल्या खळीमुळे सुई अडते, आणि न धुता वापरले तर ते पुढे आटते. कृत्रिम धाग्याची साडी मात्र टाळावी. ती थरांत घसरते, शिवाय घाम टिपत नाही.

खरी कसोटी अंथरण्यात आहे, टाके नंतरचे. दोघींनी समोरासमोर बसून कापड ताणायचे, जमिनीला टेकवायचे, मग मधून कडेकडे तळवा फिरवत सुरकुत्या काढायच्या. प्रत्येक थराला हेच. काठांवर वजन ठेवून वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले की थर हलत नाहीत. हा भाग घाईत उरकणारा वर्ग नवशिक्यांवर अन्यायच करतो, कारण इथली चूक शिवण संपत आल्यावरच दिसते.

टाका शिकताना डोळे वरच्या हाताकडे जातात, पण शिकायचे असते खालच्या हाताने. सुईचे टोक खालच्या बोटाला जाणवले, तरच टाका शेवटच्या थरापर्यंत पोचलेला असतो. सुईवर चार-पाच टाके घेऊन मग दोरा ओढावा. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोऱ्याचा गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवावी. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात, म्हणून ओळ संपली की बोटाने ती सैल करून घ्यावी आणि गोधडी उलटून पाहावी.

बऱ्याच गोधड्या काठापासून आत, चौकोनामागून चौकोन अशा शिवल्या जातात. अंथरताना राहिलेला ढिलेपणा सरकत सरकत शेवटी मध्यभागी फुगा होऊन बसतो. तो दिसला की तिथले टाके उसवून थर पुन्हा बसवावेत. वर ठिगळ लावून भागत नाही.

ठिगळांचे काम दुसऱ्या गोधडीसाठी ठेवावे. त्यातली सर्वांत देखणी रीत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची आहे. गोव्याच्या पोर्तुगीज काळाशी नाते असलेल्या या कोकणीभाषक, आफ्रिकी वंशाच्या समाजात गोधडीला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून कडा आत दुमडत तुकडे बसवत जायचे, ते थेट मध्यापर्यंत. आधी आराखडा काढायचा नाही. चारही कोपऱ्यांना घडीच्या कापडाची ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत.

शिवलेल्या गोधडीची परीक्षा पहिल्या धुण्यात होते. दसऱ्याआधी नदीवर गोधड्या धुण्याची गावोगाव चाल आहे. भिजलेली गोधडी पेलायला दोन माणसे लागतात, आणि पिळताना जिथे दोरा तुटतो तिथे टाका वरवरचा होता हे शिकणाऱ्याला स्वतःलाच कळते.