बॉस्पोरस सामुद्रधुनी

बॉस्पोरस : काळा समुद्र व मार्मारा समुद्र यांना जोडणारी तुर्कस्तानातील सामुद्रधुनी. लांबी सुमारे ३१ किमी. उत्तरेच्या तोंडाशी ती साडेतीन किमी.च्या आसपास रुंद आहे, तर रुमेली हिसार आणि अनादोलू हिसार या समोरासमोरच्या किल्ल्यांजवळ जेमतेम ७०० मी. पश्चिमेचा काठ युरोपात, पूर्वेचा आशियात आणि दोन्हींवर पसरलेले शहर एकच, इस्तंबूल. ग्रीक नावाचा अर्थ ‘गाईचा उतार’, म्हणजे पाणी ओलांडण्याची जागा. ग्रीक पुराणातील आयो ही तरुणी गाय होऊन इथून पलीकडे गेली, अशी कथा आहे. तुर्क मात्र हिला नुसते ‘बोआझ’ म्हणतात, म्हणजे घसा. हे नाव अधिक नेमके आहे.

कोकणातल्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा फिरते, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच, तरी पाणी सतत धावत असते. डॅन्यूब, नीपर, डॉन अशा मोठ्या नद्या काळ्या समुद्रात गोडे पाणी ओततात. त्यामुळे तिथली पातळी मार्मारापेक्षा सुमारे ३० सेंमी. उंच राहते आणि वरचे पाणी दक्षिणेकडे वाहते. या पाण्यात हजार भागांत मीठ १७-१८ भागच असते. भूमध्य समुद्राकडून आलेल्या पाण्यात ते ३८च्या आसपास असते. ते जड पाणी तळाशी बसते आणि वरच्या प्रवाहाखालून उलट, उत्तरेकडे सरकते. थोडक्यात, एकाच पात्रात एकावर एक अशा दोन नद्या. वरची खालचीच्या साधारण दुप्पट पाणी वाहून नेते. खालची तर काळ्या समुद्रात शिरल्यावरही तिथल्या उथळ तळावरच्या घळीतून वाहत राहते.

कोळ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. खोल सोडलेले जाळे होडीच्या उलट दिशेला ओढले जाते, ही त्यांची माहिती सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियसने नोंदवून ठेवली आहे. तिचा शास्त्रीय छडा लावला तो लुइजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन तरुणाने. १६७९ मध्ये तो इस्तंबूलला आला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे दक्षिणेला कलले. ठरावीक खोलीखालचे उत्तरेला. मग त्याने पेटीत मध्ये पडदा घालून एका बाजूला हलके व दुसऱ्या बाजूला जड पाणी भरले. पडद्याला वर आणि खाली छिद्रे ठेवताच जड पाणी खालच्या छिद्रातून पलीकडे आणि हलके वरच्यातून अलीकडे येऊ लागले. १६८१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. प्रयोग असा, की आजही शाळेत काचेच्या टाकीत करून दाखवता येईल.

वाराही या हिशेबात ढवळाढवळ करतो. ‘पोयराझ’ हा ईशान्येचा वारा वरचा प्रवाह वाढवतो. दक्षिणेचा ‘लोदोस’ दोन-तीन दिवस जोरात वाहिला, की वरचे पाणी थबकते आणि कधी उलटे फिरते. त्या उलट्या प्रवाहाला ‘ओर्कोझ’ म्हणतात. अर्नावुतक्योय जवळच्या वळणावरच्या ओढीला तर ‘सैतानाचा प्रवाह’ हेच नाव पडले आहे.

मासे वसंतात उत्तरेला आणि शरदात दक्षिणेला जातात, वाट हीच. इस्तंबूलकरांचा लाडका मासा ल्युफेर. त्याच्यावरचे प्रेम नावांतच दिसते : अगदी लहान पिल्लाला ‘लॉरेलचे पान’ म्हणतात, मग तो वाढत्या आकारानुसार चिनेकोप, सारीकानात, ल्युफेर आणि शेवटी कोफाना होतो.

घसा आवळला की शहर कोंडते, हे राज्यकर्त्यांना लवकर कळले. इ. स. पू. ५१३च्या सुमारास इराणचा सम्राट दारियस याने होड्यांचा पूल बांधून इथून सैन्य युरोपात नेले. १४५२ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदने अवघ्या चार महिन्यांत रुमेली हिसार उभारला. पलीकडे त्याचा पणजोबा बायेझिद याचा किल्ला होताच. नव्या किल्ल्याचे मूळ नाव ‘बोआझकेसेन’, म्हणजे गळा कापणारा. त्याच वर्षी न थांबता जाऊ पाहणारे एक व्हेनिसचे जहाज इथल्या तोफेने बुडवले. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, पडले.

आजची वाहतूक १९३६च्या माँत्र करारानुसार चालते. शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना मोकळी वाट आहे. काळ्या समुद्राचा किनारा नसलेल्या देशांच्या युद्धनौकांना मात्र त्या समुद्रात २१ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. वर्षाला सुमारे ४०,००० जहाजे जातात, तीही भर शहरातून. येनीक्योयपाशी जहाजाला जवळजवळ ८० अंशांत वळावे लागते आणि प्रवाह पाठीशी असला की सुकाणू नीट दाद देत नाही. नवख्या कप्तानाने वाटाड्या घ्यावाच, पण करारानुसार ती सक्ती नाही. १५ नोव्हेंबर १९७९ रोजी दक्षिणेच्या तोंडाशी ‘इंडिपेंडेंटा’ हे रुमानियन तेलवाहू जहाज एका ग्रीक मालवाहू जहाजावर आदळले. ४३ खलाशी मेले आणि आग जवळजवळ महिनाभर धुमसत राहिली.

वरून तीन पूल आहेत : १९७३, १९८८ व २०१६चे. खालून २०१३ पासून मार्माराय रेल्वे धावते. तिच्या बोगद्याच्या नळ्या कोरड्यावर तयार करून तरंगत आणल्या आणि सुमारे ६० मी. खोलीपर्यंतच्या चरात बसवल्या. नळी खाली जाताना आधी एका दिशेची आणि मग दुसऱ्या दिशेची ओढ घेई, म्हणून दोन्ही प्रवाह मंद असण्याची वेळ गाठावी लागे. याच रेल्वेसाठी येनीकापी येथे खोदताना बायझंटाइन काळातील बंदर आणि ३७ जहाजांचे सांगाडे सापडले. त्याहूनही खाली, आजच्या समुद्रपातळीच्या खाली, सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची वस्ती होती आणि चिखलात उमटलेले तिथल्या माणसांचे पाय.