हेडलाईटचं पिवळं पडणं आणि घरगुती पॉलिश

गाडीच्या हेडलाईटचा पुढचा पारदर्शक भाग काही वर्षांनी पिवळट, धुरकट होतो, तो घरच्या घरी घासून पॉलिश करून आणि वर नवीन थर चढवून परत स्वच्छ करायची पद्धत. बोलताना सगळे त्याला काचच म्हणतात, गॅरेजमध्येही ‘काच पिवळी पडलीय’ असंच ऐकायला मिळतं, पण आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या गोल हेडलाईटला खरी काच होती, ती दगड लागला की तडकायची पण उन्हानं पिवळी पडायची नाही.

पॉलिकार्बोनेट नेमकं कोणाचं हा वाद जुना आहे. म्युनिकमध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी या कुळातली संयुगं आधीच बनवली होती, त्यासाठी बहुतेक ठिकाणी १८९८ साल दिलेलं असतं, पण पुढं बरीच वर्षं त्याचा काही उपयोग झाला नाही. आज आपण वापरतो ते बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनणारं प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर या रसायन कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांना जवळपास एकाच वेळी सापडलं. फॉक्स खरं तर तारेवर चढवायचं इन्सुलेशन शोधत होते आणि त्यांचं मिश्रण ढवळायच्या दांडीभोवतीच घट्ट होऊन बसलं, काही केल्या फुटेना. पेटंट शेवटी बायरकडे गेलं, ज्याला पेटंट मिळेल त्यानं दुसऱ्याला रॉयल्टी घेऊन वापरू द्यायचं असं दोन्ही कंपन्यांचं आधीच ठरलं होतं. त्यामुळे कोण पहिला यावर भांडण्यापेक्षा दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं म्हणणंच जास्त रास्त वाटतं. मॅक्रोलॉन आणि लेक्सान ही त्याच प्लास्टिकची दोन घराण्यांतली नावं.

हेडलाईटमध्ये ते बऱ्याच उशिरा आलं. अमेरिकेत १९४० पासून काचेचा सीलबंद दिवाच चालायचा, १९८३ मध्ये नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला बल्ब बदलता येणारा नव्या घडणीचा हेडलाईट लागला. युरोपात प्लास्टिकला परवानगी साधारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. वजन काचेच्या निम्मं आणि हवा तसा आकार देता येतो, म्हणून काच मागे पडली.

पिवळेपणाच्या कारणाबद्दल रसायनवाल्यांत दोन मतं आहेत. एक म्हणजे फोटो-फ्रीस पुनर्रचना, म्हणजे अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळीतली कार्बोनेटची जोडणीच उलटीपालटी होते आणि निळा प्रकाश शोषणारी संयुगं तयार होतात. दुसरं फोटो-ऑक्सिडेशन, त्यात हवेतला ऑक्सिजन साखळीतल्या मिथाइल गटांवर हल्ला करतो. पहिली क्रिया मुख्यतः ३०० नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीच्या किरणांनी होते आणि जमिनीवर पोचणारं ऊन साधारण तिथूनच सुरू होतं, शिवाय प्रयोगशाळेतले दिवे बऱ्याचदा त्याहून कमी तरंगलांबीचे असायचे, म्हणून उन्हात उभ्या गाडीपुरतं ऑक्सिडेशनचं पारडं जड मानणं बरं, फोटो-फ्रीस फार तर सुरुवात करून देत असेल. हे होऊ नये म्हणून कंपनी वर काही मायक्रॉनचा कडक, अतिनील अडवणारा थर देते. तो थर झिजला, पोपडे सुटले की मग खालचं प्लास्टिक उघडं पडतं, म्हणजे आपण ज्याला मळ समजून पुसत बसतो तो मळ नसतोच. रोज एकाच जागी एकाच दिशेला तोंड करून लावलेल्या गाडीचा एकच हेडलाईट जास्त पिवळा दिसतो तो त्या बाजूला ऊन जास्त लागतं म्हणूनच.

घरी करायचं काम सोपं आहे, फक्त हात दुखतात. आजूबाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावायची, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी ८०० किंवा १००० नंबर, मग १५००, २००० आणि जमलं तर ३०००, प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. सुरुवातीला खाली ओघळणारं पाणी पिवळसर दुधासारखं असतं, तो जुना थर निघतोय, पाणी पांढरं झालं की पुढचा नंबर घ्यावा. घासलेला भाग ओला असताना एकदम स्वच्छ दिसतो आणि वाळला की परत पांढरा फटक, यानं पहिल्यांदा करणारा घाबरतो पण हे बरोबर आहे, पाणी बारीक ओरखड्यांत भरतं म्हणून प्रकाश विखुरत नाही. तेल किंवा डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे लावल्यावर येणारी चमक तीच, चार दिवसांत जाते. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात त्यामुळे थोडं पॉलिश होतं, पण संरक्षण काहीच मिळत नाही. डीट असलेला डास पळवायचा स्प्रे तर प्लास्टिकच विरघळवतो, तो अजिबात लावू नये.

शेवटी रबिंग कंपाऊंड या घासायच्या पेस्टनं चमक आणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून अतिनील अडवणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा. हीच पायरी लोक गाळतात, आणि मग काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होतं, कारण उरलासुरला कंपनीचा थर आपणच काढून टाकलेला असतो. दोन भागांचा टूके क्लिअर कोट सगळ्यात टिकतो पण त्यात आयसोसायनेट असतं, ते दम्याला कारण होतं आणि साध्या कापडी मास्कनं अडत नाही. कप गरम करून वाफ मारायच्या किटमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन असतं, ते वरचा पृष्ठभाग वितळवून गुळगुळीत करतं, पण वाफ विषारी आहे आणि प्लास्टिकला आतून बारीक तडे जाऊ शकतात.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संस्थेच्या २०१८ च्या चाचणीत खराब झालेल्या हेडलाईटमधून नव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश मिळाला, घासून दुरुस्त केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला. धुरकटपणा आतल्या बाजूनं असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही, त्याला हेडलाईट गरम करून सील उघडावं लागतं.