दगड बनला कधी आणि थंड झाला कधी, ही दोन वयं वेगळी असतात

हिमालयाच्या उंच पट्ट्यातला नाइस घ्या, मूळचा ग्रॅनाइट, नंतर दाबाने आणि उष्णतेने पार बदललेला. त्यातल्या झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-लेड डेटिंग केलं, म्हणजे युरेनियमचं किती लेड (शिसं) झालं ते मोजलं, तर बऱ्याच ठिकाणी वय येतं 48 ते 50 कोटी वर्षं, आणि त्याच दगडातल्या अभ्रकाचं आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढलं तर येतं दीड-दोन कोटी. मग हमखास प्रश्न येतो, यातलं खरं कुठलं? दोन्ही खरी. झिरकॉन सांगतोय की मूळ मॅग्मा कधी गोठला, अभ्रक सांगतंय की तोच दगड नंतर डोंगर घडताना पुन्हा तापला आणि त्यातून शेवटचा थंड कधी झाला.

हे होतं कसं बघा. अभ्रकात पोटॅशियम असतं, त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं, त्यातला साधारण 11 टक्के भाग आर्गॉन होतो. आर्गॉन पडला निष्क्रिय वायू, कुणाशी बंध करत नाही, त्यामुळे स्फटिक गरम असेपर्यंत तो तयार होतो आणि निसटून जातो. म्हणजे भोक पडलेल्या बादलीवर नळ सोडल्यासारखं, भोक बुजेपर्यंत पाणी साठणारच नाही आणि नंतर किती साठलं यावरून भोक कधी बुजलं एवढंच कळणार, बादली कधी बनवली ते नाही. ज्या तापमानाला हे भोक बुजतं त्याला क्लोजर टेम्परेचर म्हणतात, मार्टिन डॉडसनने 1973 मध्ये त्याचं गणित मांडलं. मस्कोव्हाइट म्हणजे पांढऱ्या अभ्रकासाठी ते साधारण 400 अंश सेल्सिअस, बायोटाइट म्हणजे काळ्या अभ्रकासाठी 300 च्या आसपास. झिरकॉनमध्ये मात्र लेड इतकं घट्ट अडकतं की 900 अंशांच्या वर गेल्याशिवाय ते फारसं हलत नाही, बरेचसे ग्रॅनाइट त्याच्या खालीच गोठतात, म्हणून झिरकॉनचं वय म्हणजे स्फटिक बनल्याचं वय.

आता गोंधळ होतो तो लाव्हामुळे असं माझं मत आहे. लाव्हा वर येतो आणि भूवैज्ञानिक हिशोबात लगेच थंड होतो, तिथे दोन्ही वयं एकच, फरक करायची गरजच पडत नाही आणि तीच सवय आपण डोंगररांगेतल्या दगडाला लावतो जो वीस-तीस किलोमीटर खोल लाखो-कोटी वर्षं तापत पडलेला असतो.

थंड होण्याच्या वयांची खरी मजा एकाच दगडातून अशी तीन-चार वयं काढण्यात आहे. ॲपेटाइट या खनिजातले फिशन ट्रॅक, म्हणजे युरेनियमचे अणू फुटताना स्फटिकात पडलेल्या रेघा, साधारण 110 अंशांखाली टिकायला लागतात, युरेनियमपासून तयार होणारा हेलियम 70 अंशांच्या आसपास. समजा मस्कोव्हाइट 1 कोटी 80 लाख वर्षं दाखवतंय, बायोटाइट 1 कोटी 40 लाख आणि ॲपेटाइटचे फिशन ट्रॅक 40 लाख. म्हणजे आधी दर दहा लाख वर्षांना 25 अंश, नंतर 19 अंश, दगड जरा रमतगमत थंड होतोय. फिशन ट्रॅक तर अक्षरशः दिसतात, ॲपेटाइटचा दाणा घासून चकचकीत करायचा, पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बारीक रेघा मोजायच्या. ताजी रेघ साधारण 16 मायक्रॉनची असते, दगड 60 ते 120 अंशांत रेंगाळला असेल तर रेघा आखूड होतात, म्हणजे मोजणीतून वय आणि लांबीतून तो तिथे किती रेंगाळला तेही कळतं.

हेलियमची पद्धत खरं तर रदरफोर्डच्या काळातली, हेलियम निसटतो म्हणून वय कमी येतं या कारणाने बाजूला पडलेली. 1987 मध्ये झाइटलर आणि सहकाऱ्यांनी तेच निसटणं कामाचं ठरवलं, वय कमी नाहीये, ते थंड होण्याचं आहे.

पण पद्धत बघून कुठलं वय ते ठरवायला जाऊ नका. मस्कोव्हाइट 350 अंशांना नव्याने वाढलं असेल तर आर्गॉनचं वयसुद्धा बनण्याचंच असतं, कारण जन्मापासून भोक बंदच. आणि कधीकधी आर्गॉन बाहेरून जास्तीचा येऊन बसतो. इटलीतल्या आल्प्समध्ये डोरा माइरा भागात असंच झालं. तिथल्या दगडांत 1984 मध्ये कोएसाइट (प्रचंड दाबाखाली बनणारा सिलिकाचा प्रकार) सापडला, म्हणजे हे दगड सुमारे 100 किलोमीटर खोल जाऊन आलेले. अभ्रकाची आर्गॉन वयं 10 कोटींच्या आसपास येत होती त्यामुळे सगळा प्रकार क्रिटेशस म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातला वाटला, मग युरेनियम-लेडने खोल दाबात वाढलेल्या झिरकॉनचं वय साडेतीन कोटी निघालं. दगड खोल जायच्या आधीच तिथून वर येऊन थंड झाला असं तर होऊ शकत नाही! जास्तीच्या आर्गॉनचा खेळ होता.

एक अजून, थंड होणं म्हणजे डोंगर उंच होणं नाही. वरचे थर झिजून गेले की खालचा दगड पृष्ठभागाजवळ येतो आणि थंड होतो, शिखराची उंची तेवढ्यात वाढली, घटली की तशीच राहिली ते या वयांना कळत नाही.

नंगा पर्वतावर मात्र ही दोन वयं जवळजवळ चिकटतात. तिथले काही ग्रॅनाइट दहा-वीस लाख वर्षांपूर्वी गोठलेत आणि बायोटाइटही त्याच घरातली वयं देतं, कारण तिथली झीज इतकी जोरात आहे की दगडाला खाली तापत बसायला वेळच मिळाला नाही.