शिंकेच्या आधीचा क्षण

शिंक येणार हे जाणवताच अनेक स्त्रिया एक हालचाल करतात. शेजारी बसलेल्या माणसालाही ती सहसा कळत नाही. पायावर पाय, मांड्या घट्ट, श्वास रोखलेला, आणि मग शिंक. लघवी निसटू नये म्हणून. वर्षानुवर्षे असे केले की त्याची सवय होते. सवय झाली की आपण काही सांभाळतो आहोत याचाही विसर पडतो.

ज्यांना असे काही करावे लागत नाही, त्यांच्या शरीरातही त्या क्षणी कुणीतरी सांभाळतच असते. शिंक, खोकला, हसू, उडी, या सगळ्यांनी पोटातला दाब एकदम वाढतो. निरोगी शरीरात तो वाढण्याच्या किंचित आधीच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात आणि मूत्रमार्ग मिटतो. डॉक्टर या स्नायूंना पेल्विक फ्लोअर म्हणतात, पुस्तकांत श्रोणितल हा शब्द सापडतो. पुढे जांघांच्या मधले हाड, मागे माकडहाड, आणि यांच्यामध्ये झोळीसारखा बांधलेला स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांचा भार या झोळीवर असतो. तिच्यातूनच मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग बाहेर येतात, म्हणजे भार पेलायचा आणि वाटाही राखायच्या, अशी दोन्ही कामे तिच्याकडे. हातापायांचे स्नायू झोपेत सैलावतात. हे मात्र झोपेतही थोडे आवळलेले राहतात. लघवी, शौच आणि बाळंतपण एवढ्यापुरतीच त्यांना सुट्टी.

बाळंतपणाला सुट्टी म्हणणे खरे तर बरोबर नाही. 2004 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकावर प्रसूतीचे प्रारूप तयार केले. बाळाचे डोके बाहेर येताना या थरातले सर्वांत आतले तंतू मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणले जातात, असे त्यातून दिसले. शरीरातला एखादा साधा स्नायू याच्या निम्म्या ताणालाही फाटू लागतो. गरोदरपणात या भागातल्या ऊती मऊ होतात, म्हणून बहुतेक बाळंतिणी यातून सावरतात. काहींचा स्नायू मात्र हाडापासून सुटतो. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका वाढतो. बाहेरचे टाके भरून येतात, आतली ही इजा वरून दिसत नाही, आणि तिचा परिणाम कधी कधी वीस-तीस वर्षांनी, पाळी गेल्यावर समोर येतो.

पण हे फक्त बाळंतपणाचे दुखणे नव्हे. जुनाट खोकला, वाढलेले वजन, बद्धकोष्ठतेमुळे रोजचे कुंथणे, यांनीही झोळी सैल होते. काहींच्या ऊतींची ठेवणच जन्मतः नाजूक असते. सतत उड्या मारणाऱ्या, कधीही बाळंत न झालेल्या तरुण खेळाडूंमध्येही लघवी निसटण्याची तक्रार आढळते. अमेरिकेत 2005-06 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 20 वर्षांवरच्या सुमारे 24 टक्के स्त्रियांना लघवी निसटणे, शौच निसटणे किंवा अंग बाहेर येणे यांपैकी किमान एक त्रास होता. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जाते. तरी विशी-तिशीतल्या स्त्रियांतही ते दहा टक्क्यांच्या आसपास होते.

दाबामुळे निसटणारी लघवी वेगळी आणि अचानक अनावर कळ येऊन दारापर्यंत पोचण्याआधीच होणारी वेगळी. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. ‘अंग बाहेर येणे’ हा आणखी वेगळा प्रकार. यात नेहमी गर्भाशयच खाली येते असे नाही. योनीची पुढची भिंत मूत्राशयासकट उतरते, मागची मलाशयासकट. गर्भाशय काढलेल्या स्त्रीलाही हे होऊ शकते. सकाळी बरे वाटते, संध्याकाळपर्यंत खाली जड वाटू लागते, बसताना चेंडूवर बसल्यासारखे होते, आडवे पडले की ओढ कमी होते. शौच किंवा वायू न आवरणे हे यातले सांगायला सगळ्यांत अवघड. कित्येक जणी ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत, त्यांनी विचारले नाही तर.

माझ्या मते या आजारांची खरी मोजणी तपासणीच्या टेबलावर होत नाही. अंग किती सेंटिमीटर उतरले हे डॉक्टर मोजतात आणि ते मोजायलाच हवे. पण त्या आकड्याचा आणि तिच्या हालांचा मेळ बसेलच असे नाही. खूप उतरलेले असूनही एखादी निवांत असते, तर थोड्याशा निसटण्याने दुसरीचे जगणे आक्रसते. ती प्रवासाआधी पाणी पिणे बंद करते. लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुर लागते आणि कळ आणखी वारंवार येते. ती चालायला जाणे सोडते, वजन वाढते, झोळीवरचा भार वाढतो. कुठेही गेली तरी आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहते, गडद कपडे निवडते, वास तर येत नाही ना या धास्तीने माणसांपासून चार हात दूर बसते. रात्री तीन-चारदा उठावे लागते, झोप तुटते, आणि वय झालेले असेल तर अंधारात पडण्याची भीती. शरीरसंबंध टाळले जातात आणि कारण सांगितले जात नाही. म्हणूनच या क्षेत्रातल्या संशोधकांनी खास प्रश्नावल्या तयार केल्या आहेत. घरकाम, प्रवास, लोकांत मिसळणे, मनाची अवस्था यांवर काय परिणाम झाला, हे त्या विचारतात.

‘वयाप्रमाणे चालायचंच’ हे वाक्य मला म्हणून सहन होत नाही. हा त्रास पुष्कळांना होतो हे खरे, पण त्यावर उपाय नाही हे खोटे.

1948 साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने या स्नायूंचा व्यायाम मांडला. वायू रोखताना जसे आत-वर ओढून घेतो, तसे ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग तितक्याच निगुतीने सैल सोडायचे. पोट, मांड्या, नितंब ढिले, श्वास चालू. ब्रिटनमधली मार्गदर्शक सूचना दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आवळण्या, आणि निदान तीन महिने असे सांगते. दाबामुळे लघवी निसटणाऱ्या स्त्रियांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा असा व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी त्रास थांबल्याचे सांगितले. काहीच न करणाऱ्यांत हे प्रमाण सहा टक्के होते.

यात एक मेख आहे. 1991 च्या एका अभ्यासात नुसते तोंडी सांगितल्यावर निम्म्याच स्त्रियांना हे नीट जमले, आणि चौघींपैकी एक जण उलट खाली जोर लावत होती, म्हणजे त्रास वाढवत होती. म्हणून सुरुवातीला या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेणे मोलाचे. शिवाय काहींचे स्नायू सैल नसून सतत ताठरलेले असतात. संबंधांच्या वेळी वेदना, लघवी अडखळत होणे ही त्याची लक्षणे. त्यांना आवळण्याचा नव्हे, सोडण्याचा सराव लागतो.

अंग बाहेर येण्यावर योनीत बसवायची कडी, म्हणजे पेसरी, हा जुना उपाय. प्राचीन ग्रीक वैद्य त्यासाठी अर्धे डाळिंब वापरत. आता सिलिकॉनची कडी मिळते. अनावर कळेसाठी मूत्राशयाला हळूहळू थांबायला शिकवण्याचा सराव आणि औषधे आहेत. शस्त्रक्रियाही आहेत, पण योनीमार्गे जाळी बसवून अंग वर धरण्याच्या पद्धतीने काही स्त्रियांना गंभीर इजा झाल्या आणि 2019 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्या जाळ्यांची विक्री थांबवली. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी काय बसवणार, का बसवणार, हे विचारायलाच हवे. लघवीत रक्त दिसले, लघवी अडली किंवा जांघांत अचानक बधिरपणा आला, तर मात्र थांबू नये.

आणि पुन्हा शिंक. 1998 च्या एका छोट्या अभ्यासात लघवी निसटणाऱ्या स्त्रियांना एवढेच शिकवले, की खोकण्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू आवळायचे. आठवड्याभरात मध्यम खोकल्याला निसटणारी लघवी जवळजवळ थांबली. शरीर जे आपोआप करायचे, ते त्यांनी जाणून करायला घेतले.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्यावी: किती प्यायले, किती वेळा जावे लागले, कधी निसटली. आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहावी, यामुळे मी काय काय करायचे सोडले.