इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी (ता. हातकणंगले) हे पंचगंगेकाठचे शहर आणि त्याला लागून असलेली कबनूर, चंदूर, खोतवाडी, तारदाळ, यड्राव, कोरोची ही गावे, एवढ्या टापूत चालणारा विणकामाचा उद्योग. येथील मागांची संख्या एक लाखाहून अधिक सांगितली जाते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढे होती आणि त्यातील बहुसंख्य घरांचा चरितार्थ या ना त्या मार्गाने कापडाशी बांधलेला आहे. शहराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. ते बिरूद अभिमानाने मिरवले जात असले, तरी त्यातून चित्र मात्र चुकीचे उभे राहते. मँचेस्टर म्हटले की चिमण्यांच्या मोठ्या गिरण्या डोळ्यांपुढे येतात. इचलकरंजीत आहेत त्या पत्र्याच्या शेड, घराच्या मागच्या खोलीत बसवलेले सहा-आठ माग आणि एकाच गल्लीत शेजारी शेजारी राहणारे मालक आणि कामगार.

संस्थानी काळात हे गाव घोरपड्यांच्या जहागिरीत होते. १८९२ ते १९४३ या काळात गादीवर असलेले नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला जागा, पाठबळ आणि मोकळीक दिली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला. हातमागावर लुगडी-धोतरे विणणाऱ्या गावात यंत्राचा खडखडाट सुरू झाला तो तेव्हापासून. घोरपड्यांच्या राजवाड्यात आज दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची वस्त्रोद्योग अभियांत्रिकी संस्था आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतून बाहेर पडलेली मुले देशभरच्या गिरण्यांत काम करतात.

उद्योग खऱ्या अर्थाने वाढला तो स्वातंत्र्यानंतर. मोठ्या गिरण्यांनी मागांची संख्या वाढवू नये, असे सरकारी धोरण १९५०च्या दशकात आले. हेतू हातमागाला वाचवण्याचा होता, पण मोकळी राहिलेली जागा यंत्रमागाने घेतली. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि गिरणगावातले विणकाम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीकडे सरकले. गिरण्यांचे जुने, निकाली काढलेले माग विकत घेऊन कित्येकांनी धंदा सुरू केला. मुंबईत एका कुटुंबाची चूल विझली, तेव्हा पंचगंगेकाठी दुसऱ्या कुटुंबाची पेटली. हा हिशेब कुणी मांडत नाही, पण या शहराची भरभराट सांगताना तो सांगायला हवा.

येथील अर्थकारणाची किल्ली एका शब्दात आहे : मजुरी. मागाचा मालक तो कापडाचा मालक, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात लहान यंत्रमागधारकांपैकी फार मोठा वर्ग ‘खर्चीवाला’ आहे. सूत व्यापाऱ्याचे, तयार कापडही व्यापाऱ्याचे. खर्चीवाल्याने आपल्या मागावर ते विणून द्यायचे आणि ठरलेली मजुरी घ्यायची. जागा, माग, वीजबिल, कामगाराचा पगार, सुटे भाग, बँकेचा हप्ता हे सगळे त्याच्या अंगावर. स्वतः सूत घेऊन स्वतःच कापड विकणारे कारखानदारही आहेत. त्यांना तेजीत चांगला हात मिळतो, पण मंदीत गोदामात माल पडून राहतो आणि सुताचे पैसे तर आधीच दिलेले असतात. तेजी खर्चीवाल्याकडे उशिरा पोचते. मंदी मात्र त्याच्याच दारात पहिली येते, कारण व्यापाऱ्याने बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, देणे थांबवले की त्याचे माग त्याच दिवशी बंद पडतात.

सुताचा प्रवास असा. सूतगिरणीतून आलेले सूत वार्पिंगला, म्हणजे उभे धागे एकत्र गुंडाळायला, जाते, मग सायझिंगमध्ये त्याला खळ लागते. विणताना ताण आणि घर्षण सोसावे म्हणून ही खळ लावतात. तेथून ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम भरून येते. वहिफणी कामगार त्यातला एकेक धागा मागाच्या वहीतून (धागे वर-खाली उचलणारी चौकट) आणि फणीतून ओवून घेतो. हजारो धागे, आणि एक जरी चुकला तरी कापडभर रेघ उमटते. बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे, सूत कांडीवर भरले जाते. हे काम पुष्कळ ठिकाणी बायका करतात. कांडी धोट्यात बसते आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावू लागतो. माग बिघडला की जॉबर, कापड उतरले की घडीवाला, हिशेबाला दिवाणजी. अशी माणसांची साखळी प्रत्येक शेडमागे उभी असते. कोरे कापड पुढे रंगाई-छपाईला जाते. बराचसा माल राजस्थानातील पाली-बालोतरा येथे जाऊन पॉपलिन किंवा केंब्रिक म्हणून देशभर विकला जातो. मारवाडी व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्या इचलकरंजीत नांदल्या, त्या याच व्यवहारामुळे.

मजुरी मोजायचे एकक आहे ‘पीक’. शेतातले पीक नव्हे. कापडाच्या एका इंचात बाण्याचे किती धागे बसले, तो आकडा म्हणजे पीक. व्यापारी डोळ्याला छोटे भिंग लावून, सुईच्या टोकाने एकेक धागा बाजूला सारत तो मोजतो. खर्चीवाला समोर उभा असतो आणि त्या अर्ध्या मिनिटात काही बोलत नाही. दोन धागे कमी भरले तर मजुरी कापली जाणार, हे दोघांनाही ठाऊक असते. कामगाराची मजुरीही येथे पिकावरच ठरते. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, हा करारांचा रूढ पाया आहे.

हे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे मारतो आणि एका फेऱ्यात बाण्याचा एक धागा बसतो. ५२ पिकाच्या एका मीटरला दोन हजारांवर फेरे लागतात. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे धरून बारा तासांच्या पाळीत एका मागावर चाळीसेक मीटर कापड निघते. समजा एखाद्याचे २४ माग दोन पाळ्यांत चालतात. रोजचे झाले सुमारे १,९०० मीटर. आता मजुरी पिकामागे फक्त एक पैशाने घसरली, तर मीटरमागे ५२ पैसे गेले, म्हणजे दिवसाला जवळजवळ हजार रुपये आणि महिन्याला पंचवीस हजार. वर्तमानपत्रातल्या ‘मजुरीत एक पैशाने घट’ या चार ओळींच्या बातमीने गल्लीत सन्नाटा का पसरतो, ते यावरून कळावे.

इचलकरंजीच्या स्थानिक व्यापारी बातम्या म्हणूनच परक्याला रुक्ष वाटतात आणि येथल्या माणसाला जीवनमरणाच्या. सकाळी पहिला प्रश्न सुताच्या भावाचा. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची ३५६ किलोची खंडी लाख रुपयांच्या वर गेली. सूत त्यामागोमाग चढले, पण कापडाला तो भाव कुणी देईना. दुसरा प्रश्न विजेचा. महाराष्ट्रात यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळते आणि २७ अश्वशक्तीपर्यंतचा जोडभार व त्यावरचा जोडभार असे दोन गट पडतात. सवलतीची घोषणा, तिची अंमलबजावणी आणि ती प्रत्यक्ष बिलात दिसणे यांत महिने जातात, आणि तेवढ्या काळाचे वाढीव बिल लहान मागवाल्याला खिशातून भरावे लागते. माझ्या मते या उद्योगाचे सर्वांत मोठे दुखणे दराचे नाही, अनिश्चिततेचे आहे. दर चढा असला तरी तो वर्षभर कायम राहील याची खात्री असेल, तर माणूस हिशेब बसवतो.

तिसरा प्रश्न पैसे हाती येण्याचा. उधारीच्या मुदतीला येथे ‘पेमेंट धारा’ म्हणतात. ती ठरलेली असते, पण पाळली जातेच असे नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करातून वजा करता येणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लहान विणकराला कायद्याने थेट आधार दिला. तरीही सुरुवातीचे दिवस धास्तीचे गेले. मुदत पाळण्यापेक्षा खरेदीच थांबवू, असा सूर बाजारात निघाला होता आणि ज्याच्यासाठी तरतूद झाली तोच काळजीत पडला.

कामगारांची बाजू या सगळ्याच्या खाली आहे. उत्तर कर्नाटकातून आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे येथे माग चालवतात. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत तरंगणारी कापसाची तूस. एकाच वेळी चार-सहा मागांवर नजर ठेवणारा कामगार शेजारच्याशी बोटांच्या खुणांनीच बोलतो, आणि जन्मभर माग चालवलेला माणूस घरीही मोठ्यानेच बोलतो. २०१३ च्या सुरुवातीला मजुरीवाढीसाठी झालेला संप महिनाभराहून जास्त चालला. त्यातून झालेल्या करारात महागाईच्या प्रमाणात दरवर्षी मजुरी वाढवण्याचे तत्त्व आले. त्याची अंमलबजावणी हा दर जानेवारीत नव्याने उभा राहणारा वाद आहे. दिवाळीच्या बोनसनंतर गावी गेलेले कामगार परत किती येतात, यावर पुढचा महिना ठरतो.

सहकाराने या शहराला बराच हात दिला. डेक्कन सहकारी सूतगिरणी, इंदिरा गांधी महिला सहकारी सूतगिरणी, विणकरांच्या संस्था, सहकारी औद्योगिक वसाहती ही त्याची ठळक उदाहरणे. दत्ताजीराव कदम आणि कल्लाप्पाण्णा आवाडे यांची नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. एकट्या मागवाल्याला जे मिळाले नसते ते सूत, कर्ज आणि भूखंड संस्थेमुळे मिळाले.

पाणी हा मात्र शहराचा न सुटलेला प्रश्न आहे. प्रोसेसिंगचे सांडपाणी आणि शहराचे मैलापाणी काळ्या ओढ्यातून पंचगंगेत गेले. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली आणि लोक दगावले. पुढे वारणेतून, मग दूधगंगेतून पाणी आणण्याच्या योजना आखल्या गेल्या. दोन्ही नद्यांकाठच्या शेतकऱ्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही : स्वतःच्या दारची नदी शहराने खराब केली, आता आमची का? जून २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहराचा दर्जा वाढला, तरी नळाला रोज पाणी मिळण्याची मागणी तशीच राहिली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उद्योगाचे रूप पालटते आहे. १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, व्याजात सवलत मिळू लागली आणि धोट्याशिवाय चालणारे रेपियर व एअरजेट माग आले. एअरजेट माग मिनिटाला सहाशेच्या वर फेरे मारतो आणि कापडही बिनचूक निघते, तेव्हा एका मागाने साध्या चार मागांचे काम होते. ज्यांना कर्ज झेपले ते यड्रावच्या पार्वती वसाहतीत किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गेले. ज्यांना झेपले नाही ते साध्या मागावर, तीच मजुरी घेऊन राहिले.

मंदी लांबली की साधे माग भंगारात निघतात. माग किलोवर विकला जातो. बिडाचे साटे वेगळे, लोखंड वेगळे, मोटार वेगळी. ट्रक दारात उभा असतो, आणि घरातली म्हातारी धोटा तेवढा काढून आत नेऊन ठेवते.